गुरु म्हणजे जड

"गुरुत्वाकर्षण म्हणजे गुरं ओढणं!" मी ठणकावून सांगितलं, आणि ठाण्याच्या मराठी शाळेतली झाडून सगळी पोरं हसली.

मी पडवीत बसलेलो. मिठागरातल्यांची जागा पडवीतच. सतरा वर्षांचा घोडा, मिसरूड फुटलेलं. मला मास्तरकीच्या परीक्षेला बसायचं होतं, आणि त्याला हेडमास्तरांचा दाखला लागायचा. हेडमास्तरांनी विचारलेला 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द आधी कधी ऐकलेला नव्हता. गुरं ठाऊक होती, ओढणं तर जन्माचंच. दिलं जोडून.

हेडमास्तर सोवळं सांभाळत उंबऱ्याच्या आतूनच बोलले.

"अरे टोणग्या, गुरु म्हणजे मी! हलक्यांनी थोरांकडे ओढलं जायचं, पायाशी पडायचं. याला म्हणतात गुरुत्वाकर्षण."

पोरं पुन्हा हसली. माझे कान तापले. तेव्हा मला माझीच लाज वाटली, याचा संताप आजही येतो.

पुढे एकदा शाळेतल्या धाकट्या मास्तरांचा शब्दकोश खिडकीत राहिलेला. उभ्या उभ्या उघडला. गुरु: जड, वजनदार. बस्स! शेजारीच पदार्थविज्ञानाचं पुस्तक. त्यात लिहिलेलं, पृथ्वी दगडाला ओढते आणि दगडही पृथ्वीला ओढतो, तेवढ्याच जोराने.

च्यायला! ओल्या मिठाची टोपली डोक्यावर घेऊन माझ्या आयची मान कायमची वाकलेली. तिला जड म्हणजे काय ते कोणी शिकवायचं?

दाखल्याच्या दिवशी मी हेडमास्तरांना म्हणालो, "मास्तर, गुरु म्हणजे जड. कोशात आहे. आणि दगडसुद्धा पृथ्वीला ओढतो."

ते लालबुंद झाले. "शहाणा झालास? आधी साष्टांग नमस्कार घाल. मग दाखला."

सही झालेला कागद त्यांच्या हातात. नुसतं वाकायचं होतं. मी नाही वाकलो. त्यांनी तो माझ्यासमोर टराटरा फाडला.

कोलशेतला घरी आलो. आय टोपली उतरवत होती.

"मिलाला का रं दाखला?"

"नाय. पाया पड म्हणाला. नाय पडलो."

तिने टोपली भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "मंग आमाला वाचाया कोन शिकवल?"

"मी."

दुसऱ्या दिवशी मिठागराच्या बांधावर काठीने ओल्या मातीत पहिला शब्द लिहिला. गुरु. समोर आय आणि चार टोपलीवाल्या बायका.

"याचा अर्थ जड," मी सांगितलं. "मास्तर नव्हे."

एक म्हातारी सवयीने माझ्या पायाकडे वाकली. मी मागे सरलो.

"पाया पडायचं नाही. जो पडेल त्याला मी शिकवणार नाही."