डाव्या कोपऱ्यातली सरकी

ती घटना आठवण्यासाठी मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागत नाहीत. घरातल्या माझ्या खुर्चीवर बसलो तरी पुरतं, कारण त्या खुर्चीवरची, ठाण्यातून सोबत आणलेली गादी त्याच तपासात माझ्या वाट्याला आली. लाच म्हणून नव्हे, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ती कशी आली ते शेवटी सांगतो.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाचे ते वाईट दिवस होते. एकेका जिनिंग कारखान्याला कुलूप लागत होतं आणि रिकाम्या शेड मिळेल त्याला भाड्याने जात होत्या. बाहेरगावचा कोणी भाडेकरू आला की त्याचं नाव-गाव ठाण्यात नोंदवायचं, असा माझा दंडक होता. अशीच एक शेड एका ठेकेदाराने घेतली. त्याच्या व्यवस्थापकाने येऊन अर्ज दिला, ‘जवानांसाठी संरक्षक जॅकेट तयार करणे’ असं कारण लिहिलं आणि जाताना मला सॅल्यूटही ठोकला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्याच सुमारास आमच्या ठाण्यातही जुन्या थ्री नॉट थ्री रायफली जाऊन नव्या एसएलआर आल्या होत्या. नवं हत्यार येणं सोपं असतं, जुनं जाणं अवघड. आधी समितीने ते कंडम ठरवायचं, मग यादी, मग शिक्का, मग पंचांसमोर मोडतोड आणि तिचा दाखला. त्यात माणसाचा जीव अडकलेला असतो तो वेगळाच. आमचा शस्त्रागार सांभाळणारा जमादार जुनी रायफल जमा करायच्या आधी तिला तेल लावत बसला होता. नव्या रायफलीने सरावात त्याची एकही गोळी लक्ष्याला लागली नाही, तर म्हणाला, “हे बंदूकच वाकडी हाये साहेब.” नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून आम्ही त्याला महिनाभर छळलं. पण त्या निमित्ताने कंडम मालाचे सगळे नियम मला तोंडपाठ झाले होते आणि पुढे तेच कामी आले.

आठवडी बाजाराचा दिवस होता. खिसेकापूंमुळे त्या दिवशी ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत एक साठीचा, ताठ पाठीचा माणूस दारात उभा राहिला. गावात सगळे त्याला फौजी म्हणत. सैन्यातून निवृत्त झालेला, एकुलता मुलगाही सैन्यात, आणि स्वतः त्या भाड्याच्या शेडवर पहारेकरी. ‘जय भीम साहेब’ म्हणून त्याने सॅल्यूट केला. तो मात्र व्यवस्थापकासारखा नव्हता, खरा होता. मग पिशवीतून एक मळका हिरवा कपडा काढून त्याने माझ्या टेबलावर पसरला.

“हे काय?”

“जॅकेटचं जुनं कव्हर हाये साहेब. जाळून राह्यले होते, म्या एक ओढून घेतलं. आतून पाहा.”

आतल्या बाजूला पक्क्या शाईने एक नंबर लिहिलेला होता. जवान आपल्या प्रत्येक वस्तूवर नंबर टाकतो, हे मला ठाऊक होतं.

“कोण्या जवानाचा नंबर हाये हा,” फौजी म्हणाला. “जुनं जॅकेट येते, कव्हर फाडते, आतली लोखंडी पाटी तेच ठेवते, रंग मारते अन् नवं कव्हर शिवते. असं जॅकेट म्या घातलं हाये साहेब. पाटीले तडा गेला का थे कंडम. गोळी लागली का आरपार.”

“तुझा मुलगा कुठे आहे?”

“सरहद्दीवर. पर हे जॅकेट त्याच्याच पलटनीत चालले का दुसऱ्याच्या, मले नाई माहीत. कोनाच्या तरी पोराच्या आंगावर तं जाईनच ना.” एवढं बोलून त्याने नजर खिडकीकडे वळवली. त्याची नोकरी गेली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच घेतले आणि तासाभरात शेडवर छापा टाकला. पण माल आधीच्या आठवड्यातच निघून गेला होता. हाती लागलं ते एवढंच: राखेचा ढीग, रंगाचे डबे, दहा-बारा जुन्या पोलादी पाट्या आणि शिवून उरलेलं एक नवं कोरं कव्हर. व्यवस्थापक शांत होता. त्याने फाईल पुढे केली. एका लिलावात जुनी जॅकेट मोडीत घेतल्याची पावती, दुसऱ्या बाजूला नव्या जॅकेटचा पुरवठा आदेश, नमुना चाचणीत पास झाल्याचा कागद. सगळं जागच्या जागी.

“जुन्या पाट्या मोडीत जातात, नव्या जॅकेटमध्ये नव्या पाट्या,” तो म्हणाला. “आम्ही देशसेवा करतो साहेब.”

“जुनी जॅकेट पंचांसमोर मोडल्याचा दाखला?”

“तो येतोय.”

तो दाखला नव्हता म्हणजे चोरी सिद्ध झाली असं नव्हे. पण माझी खात्री पटली. मी पंचनामा केला, मुद्देमाल सील केला आणि पोलीस अधीक्षक साहेबांच्या परवानगीने, आदेशावर ज्या तुकडीचा पत्ता होता तिथे फोन लावला.

तिथले कर्नल सभ्य, पण घाईत होते. आम्ही हिंदीत बोललो. त्यांची मुख्य नवी खेप लांबली होती आणि जवान जुनी जॅकेट घालून दमले होते, म्हणून मधल्या काळासाठी ही खरेदी केलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जवानांचं एक पथक मोहिमेवर निघणार होतं. माझं ऐकून त्यांनी एक जॅकेट उसवून पाहिलं. आत नवी कोरी पाटी निघाली. दुसरं उसवलं, तेही नवं. बदमाशांनी खऱ्या नव्या मालात जुना माल मिसळला होता. बाहेरून सगळी जॅकेट सारखीच दिसत होती.

कर्नल म्हणाले, सगळीच उसवली तर माझे जवान काय घालून जातील? खरं कुठलं, खोटं कुठलं हे ओळखायची एक खूण द्या, मी ताबडतोब कारवाई करतो. त्यांचं बरोबर होतं. फोन ठेवला तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी खाकी घालून रिकाम्या हाताने बसलो आहे.

फौजीने सांगितलं की पाट्यांजवळ यंत्राची सुई मोडते, म्हणून कडा हाताने शिवून घेतात आणि त्यासाठी गावातले एक गादीवाले चाचा रोज येत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांना ठाण्यात बोलावलं. सत्तरीचे, पांढरी दाढी, बोटांना दाभणाचे घट्टे. व्यवस्थापकाने त्यांना भीती घातली होती की तोंड उघडलं तर पहिले तुम्हीच आत जाल. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: “मले काई मालूम नाई साहेब.”

मी आवाज चढवला, काही झालं नाही. मी गोड बोललो, काही झालं नाही. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. घड्याळात दहा वाजले होते. माणूस घाबरला की पोलिसांच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, हे मी वीस वर्षं पाहत आलो होतो. पण प्रश्न न विचारता त्याला बोलतं कसं करायचं, हे मात्र सुचत नव्हतं. मी वैतागून खुर्चीत सरकून बसलो.

चाचा माझ्याकडे नव्हे, माझ्या खुर्चीकडे पाहत होते.

“साहेब, जरासे उठता काय?”

“काहून?” मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

“थे गादी पाहू द्या. कोनं भरली? हे गादी नाई, बटाट्याचं पोतं हाये. कंबर धरत असन तुमची.”

ठाणे अंमलदार तोंडावर हात ठेवून हसला. मी उठलो. चाचांनी गादी उचलली, दाबली, नाक मुरडलं. “कापूस पिंजलाच नाई मेल्यानं. टाका पाहा, जशी काई गाय बांधली.”

“तुम्ही चांगली भरता?”

“चाळीस वर्सं झाली साहेब. आता फोम आला, आमाले कोन इचारते? सहा महिने दाभण हातात नोयतं. मंग हे काम आलं.”

कामाचं नाव त्यांच्याच तोंडून निघालं होतं. मी पंचांदेखत मुद्देमालाचं सील काढलं आणि ते नवं कव्हर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. स्वतःच्या हाताचं काम नाकारणं कारागिराला जमत नाही. गुन्हेगाराला जमतं, कारागिराला नाही.

“टाका माहा हाये,” ते म्हणाले. “अन् खालच्या डाव्या कोपऱ्यात बोट लावून पाहा.”

मी बोट लावलं. दुहेरी कापडात काहीतरी बारीक, टणक लागलं.

“सरकी हाये. माह्या बापानं शिकवलं, नव्या नवरीच्या गादीत खालच्या डाव्या कोपऱ्यात एक सरकी टाकाची, घर भरलेलं राह्यते. मनेजर म्हने सारा माल नवा हाये, जवानायसाठी हाये. म्या म्हटलं, या पोट्ट्याईले घरी वापस याचं हाये बाप्पा. म्हून एकेकात एक टाकली, बिस्मिल्ला म्हनून.”

“सगळ्यांत टाकली?”

“म्या शिवले त्या सगळ्यात. जे शिवलेले आले, त्याले म्या हात नाई लावला.”

शिवलेले आले ते खरे नवे. चाचांनी शिवले ते जुने. मी त्यांना खरं सांगितलं, की त्या पाट्या तडकलेल्या, कंडम होत्या. म्हातारा ताडकन उभा राहिला. “म्या दुवा टाकली अन् त्यायनं मौत भरली? लिहा साहेब माहा जबाब, कुठी अंगठा देऊ?”

अंगठा नंतर, आधी फोन. कर्नलना सरकी म्हणजे काय ते कळेना. ते कापूस न पिकणाऱ्या मुलखातले. मी म्हणालो, कपास का बीज, मटर से छोटा, खालच्या डाव्या कोपऱ्यात चाचपून पाहा. दाणा लागला तर बाजूला काढा. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. सैन्याच्या अधिकाऱ्याला सरकी शोधायला सांगणारा मी बहुधा पहिलाच ठाणेदार असेन.

त्यानंतरचा तास फार लांब होता. फौजी दाराशी ताठ उभा, चाचा बाकावर, मी त्या बटाट्याच्या पोत्यावर. कालच्या बाजाराच्या तक्रारी घेऊन आलेली माणसंसुद्धा काय चाललंय हे न कळता दारातून डोकावत होती.

फोन वाजला. कर्नल नुसतं एवढंच म्हणाले, “मिल गया.” दाणा लागलेलं एकूण एक जॅकेट बाजूला निघालं होतं आणि उसवलं त्या प्रत्येकात जुनी पाटी होती, रंगाखाली तडे होते. दाणा नसलेली सगळी नवी. पथक ठरल्या वेळी, खऱ्या जॅकेटांत निघणार होतं.

“सगळे निघाले काय बाजूले?” फौजीने विचारलं.

“सगळे. एकही राहिलं नाही.”

तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ठाण्यात टाळ्या वाजवायची पद्धत नाही, पण त्या दिवशी जमादाराने सुरुवात केली आणि लॉकअपमधल्या खिसेकापूनेही साथ दिली.

व्यवस्थापकाला मी दुपारी समोर बसवलं. तोवर तो देशसेवेवरच होता. मी कव्हर उलटवून एक सरकी त्याच्या तळहातावर ठेवली आणि कर्नलांचा निरोप ऐकवला. फाईल त्याच्या मांडीवरून खाली घसरली, ती उचलायचंही त्याला सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याने ठेकेदाराचं नाव आणि जुना माल कुठून यायचा ते सांगितलं. ठेकेदार तिसऱ्या दिवशी सापडला. न्यायालयात त्यांच्या वकिलाने विचारलं की सरकी योगायोगाने आली नसेल कशावरून? चाचांनी साक्षीच्या पिंजऱ्यातून उत्तर दिलं, “वकीलसाहेब, एक आली तं योग. सगळ्यात एकाच कोपऱ्यात आली तं माहा हात.” दोघांनाही शिक्षा झाली.

पुढे मुख्य नवी खेप सैन्यात पोहोचली. फौजीचा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा बाप-लेक ठाण्यात भेटायला आले. मुलगा कौतुकाने सांगत होता की नवं जॅकेट किती हलकं आहे, त्यात पळता येतं. फौजीचा प्रश्न एकच होता: “जुनं कोठी गेलं?” मुलगा म्हणाला, “तोडलं बाबा, आमच्या समोर. सही घेतली.” तेव्हा कुठे फौजीने माझ्या टेबलावरचा चहा उचलला.

या तपासाने मला काय शिकवलं? नवं किती आलं याचीच सगळे चौकशी करतात. जुनं कुठे गेलं, हे विचारणारा माणूस विरळा असतो आणि तोच कामाचा असतो. मी पुढच्या सगळ्या नोकरीत तो प्रश्न आधी विचारला.

निकाल लागेपर्यंत साक्षीदाराकडून मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात चाचा डोक्यावर गादी घेऊन ठाण्यात आले. मी पैसे देऊ केले तर रागावले. शेवटी कापसाची किंमत घेतली, मजुरी नाही. जुनं पोतं त्यांनी स्वतः माझ्या खुर्चीवरून काढून फेकलं आणि नवी गादी बसवली. माझं बोट आपसूक खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलं. दाणा होता.

“चाचा, मी काय नवरी आहे, की सरहद्दीवर चाललोय?”

“नाई साहेब,” ते म्हणाले. “पर तुमालेबी रोज घरी याचं असतेच ना.”