‘टेक’च्या चिठ्ठ्या

“१२ मार्च. आया पाच दिवसांनी आली. तिचा नवरा परीक्षेच्याच सकाळी गेला,” असं बाईंनी वहीत लिहिलं.

दवाखान्यातली नोकरी कायम व्हायला आयाला इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. बाईंच्या शिकवणीत ती ‘टेक’ (take) या अनेक अर्थांच्या क्रियापदापाशी महिनाभर अडली. मग अंथरुणाला खिळलेला नवरा एकेका अर्थाची चिठ्ठी लिही आणि ती वस्तूंवर चिकटवी: डबीवर ‘गोळी घेणे’, थर्मामीटरवर ‘ताप बघणे’, खुर्चीवर ‘बसणे’.

“माझ्या कपाळावरही एक डकव, ‘काळजी घेणे’, असं हे म्हणायचे,” आया म्हणाली.

“परीक्षा पुन्हा कधी?”

“दोन वर्षांनी. अर्थ सगळे पाठ आहेत, बाई. पण घरभर त्यांचं अक्षर आहे. काढवत नाही आणि बघवतही नाही.”

बाईंनी तिला आपल्याच घरी ठेवून घेतलं. संध्याकाळी वहीत लिहिलं: “जादा गादी झटकून घातली. उशीला अभ्रा सापडला नाही.”