गळलेला रफार

चर्चच्या जुन्या नोंदवहीत बाबांचं बोट एका नावाखाली थांबलं आणि तिथून हलेचना. पार्कर, इंजिन ड्रायव्हर, राहणार इंग्लंड.

"माझे पणजोबा साहेब होते," असं बाबा जन्मभर सांगत आले आणि सगळं भुसावळ हसत आलं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी रफार सोडून पूर्ण र लिहिला, पार्करचे पारकर झाले. तेव्हापासून जो तो विचारतो, "कोकणात कुठले?" मागच्या आठवड्यात बाबांच्या डीएनए तपासणीतही इंग्लंडचा अंश निघाला. कागदावरून गळलेला रफार रक्ताने इतकी वर्षं जपून ठेवला होता.

निघताना चर्चच्या फाटकावर रखवालदाराने वहीत लिहायला आडनाव विचारलं. बाबा ताठ उभे राहिले.

"पारकर," ते म्हणाले. "आता विचार, कुठले."