एंट्रीचे कागद

सासूबाईंना हीरोच्या एंट्रीला कागद उडवायचे होते. ऐंशीला टेकलेल्या बाईची एवढी एकच मागणी.

हैदराबादेत हीरो पडद्यावर पहिल्यांदा आला की थिएटरात शिट्ट्या पडतात आणि कागदाचे तुकडे उडतात. गौलीगुड्यात आमच्या खालीच राहणारी तेलुगू शेजारीण हे वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलेली. सासूबाईंनी मात्र एकही एंट्री पाहिली नव्हती. सासरे दुकान बंद करून निघायचे, तोवर सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झालेला असायचा. "सुरुवातीला काय असतं, नुसती ओळख," असं ते म्हणत. सासूबाईंना ती ओळखच बघायची होती.

उडणाऱ्या हीरोचा तेलुगू सिनेमा लागला तेव्हा लेकीनं जुन्या थिएटरची तीन तिकिटं काढली.

"कचरा करायला तिकीट कशाला काढायचं?" मी म्हटलं.

"मग घरी करू का?" सासूबाई म्हणाल्या.

दुपारी त्या गेल्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन बसल्या. देवांची चित्रं बाजूला ठेवली आणि उरलेल्या पानांचे तुकडे करायला लागल्या. मी भाजी निवडत बघत होते. शेवटी राहवेना. "आई, एवढे मोठे तुकडे उडत नाहीत. बारीक करा," म्हणून मीच कात्री घेतली.

गेटवर तपासणाऱ्या बाईनं पिशवीतला चिवडा काढून घेतला. मग तिचा हात सासूबाईंच्या कमरेच्या फुगलेल्या बटव्यावर गेला. "दवा है," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि आत गेल्या. चिवडा गेल्यामुळे मला पॉपकॉर्नचा मोठा डबा घ्यावा लागला. त्याच्या किमतीबद्दल मी खुर्चीत बसेपर्यंत बोलत होते.

"आजी, हीरो कसा ओळखायचा सांगते," लेक म्हणाली. "ज्याच्या पाठीवर कापड उडतं तो."

दिवे गेले. ढोल वाजले, धूर झाला, आणि धुरातून एक उंचापुरा माणूस आला. पाठीवर लालभडक कापड फडफडत होतं. सासूबाई उठल्या आणि त्यांनी अख्खा बटवा हवेत रिकामा केला.

शिट्टी एकही पडली नाही. पुढच्या रांगेतला माणूस वळला. त्याच्या केसांत कागदच कागद.

"अम्मा, ये तो विलन है," तो म्हणाला. "हीरो अभी आनेकू है."

आजूबाजूच्या तीन-चार रांगा हसल्या. सासूबाई खाली बसल्या. बटवा उलटा करून झटकला. एक तुकडासुद्धा नाही.

"एंट्री परत होत नाही का गं?"

"एकदाच असते, आजी. सॉरी."

सासूबाईंनी बटव्याची नाडी घट्ट ओढून बांधली. मी लेकीला म्हटलं, "बघतेस काय, वाक." आम्ही दोघी खुर्च्यांच्या मध्ये घुसून मोबाइलच्या उजेडात तुकडे वेचायला लागलो. पुढच्या माणसानं केस झटकले, कॉलरमागे हात घातला आणि मूठभर कागद मागे दिले. "लेओ अम्मा. पर मैं बोला तबीच उडाना."

पडद्यावर एक दूधवाला सायकलची उतरलेली चेन बसवत होता. कळकट बनियन, पाठीवर काही नाही.

"अब," पुढचा माणूस म्हणाला.

"हा?" सासूबाईंचा विश्वास बसेना.

दूधवाल्यानं पायडल मारलं आणि सायकल कॅनसकट आकाशात गेली. थिएटर उसळलं. सासूबाईंनी दोन्ही मुठी उघडल्या. कागद थोडेच होते, क्षणात संपले. त्यांचे हात अजून वरच होते. मग मी तो महागडा डबा उचलला आणि सगळं पॉपकॉर्न हीरोवर उधळलं. बरंचसं पुढच्या माणसावर पडलं. तो दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होता, त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"आता चला," सासूबाई खाली बसत म्हणाल्या. "झालं माझं बघून."

"आई, सिनेमा आत्ता सुरू झालाय."

"मग बसू या," त्या म्हणाल्या, आणि माझ्या अंबाड्यात अडकलेलं पॉपकॉर्न काढून खायला लागल्या.