कान तुटलेला कप

गिरगावातल्या एका जुन्या इमारतीचे ते सेक्रेटरी. प्रत्येक वाक्याआधी ‘कसं आहे ना’ म्हणतात आणि बोलताना शर्टाची बाही सरळ करत राहतात. मी शूटिंगला जुनं सामान भाड्याने देतो. बारा वर्षं त्यांच्याकडे सिनेमावाले आणतोय. प्रत्येक वेळी आम्ही भावावरून कडाकडा भांडतो, मग ते चहा पाजतात.

परवा जातीपातीवरच्या, जुन्या काळात घडणाऱ्या सिनेमाचं शूटिंग होतं. झाडूवाल्यासाठी उंबऱ्याबाहेर ठेवायचा वेगळा कप हवा होता. माझे कप दिग्दर्शकाला नवे वाटले.

“कसं आहे ना, आमच्याकडे आहे,” म्हणत सेक्रेटरी आत गेले आणि कान तुटलेला निळा कप घेऊन आले. “हा वेगळाच ठेवलेला असतो.”

बारा वर्षं मी त्याच कपातून चहा पितोय. जुन्या वस्तूंची पारख करून पोट भरणारा मी, आणि तेवढा एक कप मला ओळखता आला नाही!

शॉट संपला. सेक्रेटरी डोळे पुसत होते. “काय माणसं होती हो तेव्हा! चहा घेणार ना, शेठ?”

“घेतो. पण आज तुमच्या कपातून.”

ते हसले, बाही सरळ केली आणि आत ओरडले, “अगं, कागदी कप आहेत का बघ!”