सिद्धाराम हत्तुरेंनी निवडलेलं पुस्तक

सिद्धाराम हत्तुरे मूळचे गिरणीतले. अठरा वर्षं त्यांनी सोलापूरच्या एका कापड गिरणीत मोटारी आणि स्विचबोर्ड सांभाळले. गिरणीतलं त्यांचं खातं बंद पडलं तेव्हा एका धर्मादाय इस्पितळात वायरमन म्हणून लागले. ते साल एकोणीसशे बाहत्तर. पंखे, पाण्याचा पंप आणि ऑपरेशन थिएटरचे दिवे एवढंच खरं तर त्यांचं काम. पण एखाद्याच्या हाताला गुण आहे असं दिसलं, की लोक बिघडलेलं काहीही त्याच्यापुढे आणून ठेवतात. आधी सक्शनचं मशीन आलं, मग अशक्त बाळांना ठेवायची काचपेटी, आणि शेवटी ईसीजीचं मशीन. हत्तुरे प्रत्येकाला आधी नमस्कार करायचे आणि मगच स्क्रू सोडवायचे. सगळी मशिनं पुन्हा चालू व्हायची.

तीन वर्षांनी एका दुपारी सिस्टर लीला घाईघाईनं पंपाच्या खोलीत आल्या. त्या मंगळवेढ्याच्या, हृदयरोग्यांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता.

"हत्तुरेभाऊ, पाच नंबरच्या पेशंटला ईसीजी लावलाय. त्याला हात लावला की मला मुंग्या येतात."

हत्तुरेंनी जाऊन आधी प्लग काढला. मशीनच्या वायरीतली, गळती वीज जमिनीत नेणारी अर्थची तार आतल्या आत तुटलेली निघाली. ती त्यांनी दहा मिनिटांत जोडली. तेवढ्यात डॉक्टर कमलाकर बार्शीकर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंटला धोका होता का?"

"छ्या! एवढी वीज गिरणीत आमी बोटानं तपासायचो की."

डॉक्टर हसले नाहीत. "तुमचं बोट कोरडं होतं, हत्तुरे. याच्या छातीला मलम लावून पट्ट्या बसवल्यात. याच्या हृदयाला किती वीज सोसेल?"

हत्तुरेंनी टेस्टर खिशात ठेवला. मग धीर करून म्हणाले, "तुमीच सांगा, साहेब."

"मलाही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला हृदय कळतं, तारा कळत नाहीत. तुमचं उलटं. दोन्हीचा मिळून एक वेगळा अभ्यास हल्ली निघालाय, बायोमेडिकल इंजिनीअरिंग म्हणतात."

"त्यो मला जमंल का?"

हा प्रश्न येईल असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं. नापास मॅट्रिक, वय बेचाळीस, इंग्रजी जे काही होतं ते मोटारींच्या पाट्या आणि माहितीपत्रकं वाचून आलेलं. पण समोरचा माणूस गंभीर होता. डॉक्टरांनी त्याच दिवशी पुण्याच्या एका पुस्तकविक्रेत्याला पत्र लिहिलं. पंधरवड्यात या विषयाची ओळख करून देणारी तीन पुस्तकं पसंतीसाठी आली. इस्पितळ त्यातलं एक ठेवून घेणार होतं. बाकीची दोन वीस दिवसांत परत करायची होती.

पहिलं उशीएवढं जाड. परदेशातल्या मोठ्या कॉलेजांत तेच लावतात, म्हणून डॉक्टरांचं मन त्याच्यावर होतं. दुसऱ्यात रंगीत चित्रंच चित्रं. तिसऱ्याला राखाडी पुठ्ठा, कागद खरबरीत, आणि दिसायला अगदीच गरीब.

हत्तुरेंनी अर्थातच जाडं पुस्तक घरी नेलं. शब्दकोश शेजारी घेऊन बसले. चौथ्या पानावर गणितं सुरू झाली ती थांबेनात. चार दिवसांत सहा पानं झाली आणि त्यातलंही काही हाताला लागलं नाही. नीलम्मा भाकरी थापता थापता नवऱ्याकडे बघत होती. ती कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्ही पुस्तक वाचताय का त्याच्याशी भांडताय?"

ते हसले, पण मनातून खचले. आपली अक्कलच तोकडी, असं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी ते लीलाबाईंना बोलूनही दाखवलं.

"आणा बघू इकडे," त्या म्हणाल्या, आणि जाड्या पुस्तकातलं हृदयाचं प्रकरण उघडून बसल्या. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाल्या, "भाऊ, बारा वर्षं मी हृदयाचे पेशंट सांभाळतेय. यातलं हृदय मला ओळखूच येत नाही."

हत्तुरेंना एकदम हुशारी आली. दोष सगळा आपलाच नव्हता तर! मग दोघांनी मिळून ठरवलं, की ज्याला जे येतं त्यानं त्या प्रकरणाची परीक्षा घ्यायची. रंगीत पुस्तकातलं विजेचं प्रकरण हत्तुरेंनी तासाभरात संपवलं.

"चित्रं झ्याक हायत. पन ह्यो अर्थिंगचं नावबी काढत न्हाय."

राहिलं राखाडी. त्यातली हृदयाची पानं लीलाबाईंनी तपासली आणि विजेची हत्तुरेंनी. दोघांनाही चूक सापडली नाही. तेव्हा लीलाबाई म्हणाल्या, "आता उलटं करू. विजेचं मी वाचते, हृदयाचं तुम्ही."

तीन दिवसांनी त्या पंपाच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या आणि अर्थची तार कशाला लागते, ते एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. हत्तुरेंना एक शब्द दुरुस्त करावा लागला नाही. मग त्यांची पाळी आली.

"हृदय सोताची वीज सोताच करतंय," ते सावकाश म्हणाले. "आधी वरचे कप्पे, मग खालचे. वळण ठरल्यालं हाय. मधीच भायेरची वीज घुसली, तर खालचे कप्पे नुसतेच थरथरत्यात. रगत फुडं जात न्हाय."

"अगदी असंच," लीलाबाई म्हणाल्या.

त्याच प्रकरणात एक तक्ता होता. बोटाला किती वीज जाणवते आणि थेट हृदयाशी पोचली तर जीव जायला किती पुरते, ते त्यात शेजारी शेजारी छापलेलं होतं. दुसरा आकडा पहिल्याहून कितीतरी लहान होता. हत्तुरेंनी तो तीनदा वाचला. पाच नंबरचा पेशंट आठवड्यापूर्वीच हसत घरी गेला होता. तरी त्यांना घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांपुढे उभे राहिले. "साहेब, राखाडी ठिवू."

"अहो, पहिलं नावाजलेलं आहे."

"आसंल की. पन ते आत गेलेल्या मानसाला फुडं न्हेतंय. मी अजून उंबऱ्याभायेर हाय."

डॉक्टरांनी राखाडी पुस्तक हातात घेतलं आणि आपल्या खोलीत गेले. संध्याकाळच्या फेरीला त्यांनी हत्तुरेंना बोलावून घेतलं.

"अर्थिंग म्हणजे काय ते आज मला पहिल्यांदा कळलं," ते म्हणाले. "हेच ठेवा. तुमचं झालं की मला द्या."

हत्तुरेंचं व्हायला दोन वर्षं लागली. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा मिसळून त्यांनी टिपणाच्या सहा वह्या भरल्या. दर महिन्याला ते मीटर घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरत आणि एकेक मशीन तपासत. हृदयाच्या वॉर्डात सगळ्या खाटांच्या प्लगांना त्यांनी एकाच ठिकाणाहून जाड तांब्याची अर्थची तार दिली. पदवी काही मिळाली नाही, हुद्दाही वायरमनचाच राहिला. पण नवं मशीन घ्यायचं झालं, की डॉक्टर आधी त्यांना विचारू लागले.

अठ्ठ्याहत्तर साली नर्सिंगच्या नव्या मुलींची तुकडी आली, तेव्हा लीलाबाईंनी हट्टानं त्यांचा एक तास हत्तुरेंना दिला. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, असे ते वर्गात शिरले आणि घसा खाकरून म्हणाले, "मी हितला वायरमन. तुमाला हृदय शिकवायला आलोय."

मुली खो खो हसल्या. हत्तुरेही हसले, फळ्याकडे वळले, आणि खडूनं चार कप्पे काढायला लागले. खालचे दोन कप्पे पुरे होईपर्यंत वर्गात वह्या उघडल्याचा आवाज यायला लागला होता.