एका घराचं एकच खातं

सांगलीच्या कोर्टाजवळ माझं टायपिंगचं टेबल आहे. टेबल म्हणायची ही जुनी सवय. आता तिथे गाळा आहे, दोन संगणक आहेत, प्रिंटर आहे. वकिलांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतांचे मसुदे मी कितीतरी वर्षं टाइप करते आहे. या कामात हात चालावा लागतो आणि तोंड बंद ठेवावं लागतं. मला दोन्ही जमतं, अशी माझी समजूत होती.

एका सोमवारी साताऱ्याजवळच्या मेढ्याची एक शिक्षिका आली. माझ्या धाकट्या जावेची डी.एड.ची मैत्रीण. घटस्फोटाचा अर्ज करायचा होता. जाऊ साताऱ्यात राहते, तिथे वकील बघता आला असता. मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं.

"साताऱ्यात चहावाल्यापासून सगळे ह्यांना ओळखतात. संध्याकाळच्या आत बातमी घरी."

तिचं माहेर सांगलीचं, म्हणून इथे. नवराही शिक्षक. त्याला आधी सुगावा लागला तर सात वर्षांच्या मुलीला तो पुण्याला भावाकडे नेऊन ठेवणार आणि हिची प्रमाणपत्रं फाडणार. तसं त्यानं दोनदा बोलून दाखवलं होतं. प्रमाणपत्रं त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. पुढच्या बुधवारी तो दोन दिवस प्रशिक्षणाला जाणार होता. त्या वेळात कुलूप तोडायचं, मुलीला घेऊन निघायचं आणि गुरुवारी अर्ज दाखल करायचा. हे तिला, मला, वकिलांना आणि माझ्या जावेला ठाऊक होतं. पाचव्याला नाही.

तिनं आठ पानं हातानं लिहून आणली होती. लग्नपत्रिका होती, लग्नाचा फोटो होता. स्कॅनर तापायला वेळ घेतो, म्हणून मी फोननं सगळ्याचे फोटो काढले आणि कागद तिला परत दिले. रोज असंच करायचे.

शनिवारी दुपारी जावेचा फोन आला. कुजबुजत बोलत होती.

"ताई, तुमच्या फोनमधलं आमच्या टीव्हीवर कसं काय येतंय?"

"काय येतंय?"

"आत्ता तिचा लग्नाचा फोटो आला. तिचा नवरा हॉलमध्ये बसलाय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ह्यांच्याकडे चहाला येतो ना. हे अजून यायचेत."

मी खुर्चीतून उठले. काय झालं ते एका क्षणात कळलं आणि स्वतःचाच राग आला. माझा फोन दिरानं दिलेला. आमच्या घरात रेशन कार्ड एक तसं इंटरनेटचं खातंही एकच. दिरानं एकदा ते काढलं आणि सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं. पासवर्ड बंगल्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. त्याच खात्यावर साताऱ्याचा नवा टीव्ही. तो मोकळा असला की घरातले फोटो एकामागून एक दाखवतो. दिवाळीला जावेच्या चकल्यांचे फोटो आपोआप माझ्या फोनमध्ये आले तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. तिचे माझ्याकडे येतात तर माझे तिच्याकडे जात असतील, एवढा साधा विचार मी केला नव्हता.

फोटोंमागून हातानं लिहिलेली आठ पानं येणार होती. नवऱ्यानं बायकोचं अक्षर लांबूनही ओळखलं असतं.

"टीव्ही बंद कर."

"रिमोट त्याच्या मांडीवर आहे."

"मग मेन स्विच पाड. लाईट गेली म्हण. फोन चालू ठेव."

खट्‌ आवाज आला. पंखा थांबत गेला असेल. मग त्याचा आवाज, अगदी निवांत.

"वहिनी, लाईट तुमचीच गेली काय? शेजारी मिक्सर चालू हाय की."

"आमचा फ्यूज सारखा जातो हो. ह्यांना कधीचं सांगतेय."

"बघू का? मला येतं त्यातलं."

"नको नको, तुम्ही चहा घ्या आधी."

मी एका कानानं हे ऐकत होते आणि दुसऱ्या हातानं गाळ्यातल्या संगणकावर ते खातं उघडून फोटो पुसत होते. खात्यातल्या कचऱ्याच्या डब्यातूनही पुसले. तेवढ्यात तो म्हणाला, "पण वहिनी, आमच्या लग्नाचा फोटो तुमच्या टीव्हीवर कसा आला?"

जावेनं कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता सांगावंच लागणार. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघींनी काहीतरी ठरवलं होतं. फोडलंत ना सगळं?"

तो हसला. लय खूश झाला. म्हणाला, "बायकोनं एवढं केलं? आजपर्यंत तर कवा केलं न्हाई."

तो गेल्यावर जाऊ रडली. मी तिला म्हटलं, रडणं नंतर, आधी टीव्हीवरून खातं काढ. पण शिक्षिकेला कसं कळवायचं? तिचा फोन नवऱ्यानंच घेऊन दिलेला, त्याच्याच नावाचा. आमच्या घरात जे चालतं तेच तिच्या घरात असणार. मी फोन केला नाही. तो रात्री घरी जाऊन काय विचारेल आणि ती काय उत्तर देईल, याचा विचार करत बसण्यापेक्षा हाताशी होतं ते काम घेतलं.

ओळखीची एक बाई कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत आहे. तिचे प्रबंध मी टाइप केले होते. रविवारी सकाळी तिला गाळ्यात बोलावलं. जुन्या संगणकावर तिनं पेनड्राइव्हवरून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली, अर्ज टाइप करायला ओपन सोर्समधलं ऑफिस दिलं.

"फुकट आहे म्हणजे काहीतरी घेणारच," मी म्हटलं. "टीव्हीनं फोटोही फुकटच दाखवले."

"ते फुकट वेगळं. ह्याचा आतला कोड उघडा असतो. कुणीही वाचावा."

"तू वाचलास?"

"मी कशाला वाचतेय? पण वाचणारे आहेत. चोरकप्पा ठेवला तर कधीतरी सापडतो, हे बनवणाऱ्यालाही माहीत असतं. आणि ताई, कोड उघडा असला तरी पासवर्ड बंगल्याचंच नाव ठेवलंत तर देव पण काही करू शकत नाही."

मला तिचं बोलणं पटलं, कारण तिनं कसली हमी दिली नाही. मग एकेक वस्तू समोर घेतली. ही माझं लिहिलेलं कुठे ठेवते? तिथे आणखी कोण जाऊ शकतं? इंटरनेट काढलं तर ही चालते का? फोनमधला मराठी कीबोर्ड जे लिहीन ते बाहेर पाठवू शकत होता, तो गेला. फोटोंचं ॲप गेलं, त्याच्या जागी फोटो फोनमध्येच ठेवणारं साधं ॲप आलं. घरच्या खात्यातून मी बाहेर पडले. दिरानं फोन करून विचारलं, "वहिनी, आमच्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, विश्वास आहे, पण तुमच्या टीव्हीवर नाही.

सगळं जमलं नाही. माझी बोटं टाइपरायटरवर तयार झालेली. नव्या कळफलकावर काही अक्षरांच्या जागा हलल्या होत्या. पहिलं पान लिहायला पाऊण तास लागला आणि मी दोनदा जुन्या संगणकालाच शिव्या दिल्या. वकिलांना त्यांच्या जुन्या फॉन्टमध्येच फाइल हवी असते, म्हणून दुसरा संगणक होता तसाच ठेवला. पैसे घ्यायचं ॲप आणि निरोपांचं ॲपही राहिलं. ते काढलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाईल. माझ्या नवऱ्यानं विचारलं, मग उपयोग काय? उपयोग एवढाच की कुठला कागद कुठल्या संगणकावर घ्यायचा, हे आता मी ठरवणार होते.

सोमवारी दुपारी ती शिक्षिका गाळ्यात उभी. एका हातात मुलगी, दुसऱ्या हातात फाइल. बुधवारला दोन दिवस बाकी होते.

"तुम्ही फोटो कुणाला दाखवलात?" बसायच्या आधी तिनं विचारलं.

मी काय झालं ते सगळं सांगितलं. खातं, टीव्ही, मेन स्विच. काही गाळलं नाही.

"शनिवारी रात्री ते म्हणाले, वाढदिवसाचं कळलं बरं का मला. तो फोटो मी फक्त तुम्हाला दिला होता. त्यावरूनच कळलं की काहीतरी फुटलंय. रात्रभर वाटत होतं, हे नाटक करतायत. सगळं वाचलंय आणि बघतायत मी काय करते."

"मग निघालीस कशी?"

"काल अल्बम बघायची हुक्की आली त्यांना. कपाट उघडलं. किल्ली कपाटालाच राहिली. आज ते शाळेत गेल्यावर प्रमाणपत्रांची फाइल काढली आणि पहिली एसटी धरली." तिनं फाइल टेबलावर ठेवली, पण हात वरून काढला नाही. "म्हणून तुमची चूक भरून निघाली असं समजू नका. त्यांनी पानं बघितली असती तर मुलगी आत्ता पुण्यात असती."

"तसं समजत नाही," मी म्हटलं.

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, आज टाइप करा, उद्या अकराला दाखल करू. तिचा नवरा संध्याकाळी घरी पोचणार होता, रिकामं कपाट बघणार होता, मग सांगलीला येणार होता. माझ्याकडे तेवढाच वेळ होता.

मी फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला, तिनं परत आणलेली आठ पानं घेतली, स्कॅनर सुरू केला. तो तापत होता. ती संगणकाकडे बघत होती.

"हे आणखी कुठं कुठं जातं?"

"कुठंच नाही. ह्याच डब्यात राहतं."

"तसं तुम्हाला आधीही वाटत होतं."

बरोबर होतं. मी टेबलाखाली वाकले, इंटरनेटची वायर उपसली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. मुलगी शेजारच्या स्टुलावर बिस्किटं खात होती. मी टाइप करायला लागले. नव्या कळफलकावर, सावकाश, प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवत. अकरा पानं झाली. साडेपाचच्या सुमारास तिचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, उचलला नाही. वाजून थांबला, परत वाजला. मी थांबले नाही.

प्रिंट निघाले, तिनं प्रत्येक पानावर सही केली, पानं स्वतः मोजली. मग मांडीवरची वायर टेबलावर ठेवली.

"आता लावा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला अर्ज दाखल झाला. तो साडेअकराला कोर्टात आला.